डिसेंबरात म्युनिक: नाताळची सुट्टी, दोन पोरं आणि सासूबाई, जमेल का?

सांगलीकर_वहिनी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. यंदाच्या म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात आम्ही जर्मनीला जायचं म्हणतोय, म्युनिकला. युरोप टूर नाही हं, नऊ दिवसात सात देश आपल्याला नकोतच, एकच शहर धरायचं, तिथंच मुक्काम ठोकायचा आणि आजूबाजूचं जमेल तेवढं बघायचं असं ठरलंय. थोरल्यानं ख्रिसमस मार्केटचे व्हिडिओ बघून बघून डोकं खाल्लंय आणि ह्यांना तिथल्या म्युझियममधली जुनी रेल्वे इंजिनं बघायचीत, म्हणून म्युनिक.

आम्ही पाच जण. आम्ही दोघं, थोरला ११, धाकटी येत्या ऑक्टोबरात ६ पूर्ण होईल, आणि सासूबाई, वय ६८. सासूबाईंची तब्येत खणखणीत आहे, रोज आमराईत फिरायला जातात, पण गुडघे कुरकुरतात, जिना कठड्याला धरून चढतात. आम्ही सगळे शाकाहारी, सासूबाई अंडंसुद्धा चालवून घेत नाहीत, केकसुद्धा विचारून खातात. तिकडं नातेवाईक कुणी नाही.

शाळेला २४ पासून १ तारखेपर्यंत नाताळची सुट्टी, म्हणून २४ ला रात्री मुंबईहून निघायचं, २५ ला सकाळी म्युनिक, मग ३० पर्यंत मार्केट, बर्फ, तो डोंगरावरचा परीकथेतला राजवाडा, एखाद दिवस न्यूरेंबर्ग आणि ३१ ला परत असा कच्चा आराखडा आहे. आता प्रश्न: थंडी सासूबाईंना झेपेल का, जेवणाचं काय करायचं, व्हिसाला कधीपासून लागायचं (ह्यांची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे, नोकरी नाही, त्यामुळं सॅलरी स्लिप वगैरे भानगड नाही, त्यानं अडतं का?) आणि हॉटेल घ्यावं की किचनवालं घर. अजून काही सुचत असेल तर बिनधास्त सांगा, तिकिटं अजून काढलेली नाहीत.

इसारकाठचा_कराडकर

वहिनी, तिकिटं काढली नाहीत हे लई बरं झालं. मी मूळचा कराडचा, आता म्युनिकला असतो, म्हणून सगळ्यात आधी तारखांचं सांगतो कारण बाकीचं सगळं त्यावर आहे.

ख्रिसमस मार्केट ख्रिसमसच्या आधी असतं. २५ ला तुम्ही येऊन पोचाल तेव्हा मारियेनप्लाट्सवर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, लाकडी टपऱ्या उतरवायचं काम चालू असेल. इथलं मुख्य मार्केट नोव्हेंबरच्या शेवटाला लागतं आणि २४ ला दुपारी दोनला आवरतं, न्यूरेंबर्गचंही २४ ला दुपारीच संपतं. आपल्याकडं सण म्हणजे त्या दिवशी रस्ते भरतात, इथं उलट, २४ ची दुपार झाली की दुकानं बंद, ट्राम कमी, माणसं घरात, आणि २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. त्यात यंदाचं कॅलेंडर बघा, २५ शुक्रवार, २६ शनिवार आणि २७ रविवार, आणि रविवारी इथं तशीही दुकानं बंद असतात. म्हणजे २४ दुपार ते २८ सकाळ सुपरमार्केट नाही. मोठ्या स्टेशनातली आणि एअरपोर्टवरची थोडी दुकानं उघडी असतात, पण तिथं रांग आणि भाव दोन्ही बघून घाम येईल. दोन पोरं आणि सासूबाई घेऊन नेमकं त्या दिवशी सकाळी विमानतळावर उतरायचं, हॉटेलची रूम तीन वाजता मिळणार, बाहेर चार अंश आणि सगळी शटरं खाली. असं करू नका.

शाळेला चार-पाच दिवस दांडी मारायची तयारी असेल तर १९ ला पोचा आणि २८ ला निघा. मग मार्केटचे पाच दिवस मिळतात आणि बंदचे दिवसही कामी येतात, त्याचं खाली सांगतो. दांडी शक्यच नसेल तर म्युनिक सोडा आणि बर्लिन बघा, तिथली काही मार्केटं नाताळनंतरही, अगदी ३१ पर्यंत चालतात. नाहीतर हॅम्बुर्ग, तिथलं मिनियाटूर वुंडरलांड म्हणजे छोट्या रेल्वेंचं अख्खं जग, वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, तुमच्या ह्यांना तिथनं ओढून बाहेर काढावं लागेल. पण पहिल्या खेपेला बर्फाचे डोंगर, राजवाडा आणि मार्केट असं तिन्ही एका जागेवरून पाहिजे असेल तर म्युनिकच.

बर्फाचं पण आत्ताच सांगून ठेवतो, म्युनिक शहरात डिसेंबरात बर्फ पडेलच असं काही नाही, बऱ्याचदा नुसता चिकचिक पाऊस असतो. पोरांना बर्फ दाखवायचाच असेल तर एक दिवस गार्मिशकडं, झुगश्पिट्झंवर. जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर, २,९६२ मीटर, वर रेल्वे आणि केबलकार दोन्ही जातात, तिथं बर्फ हमखास. सासूबाईंना मात्र एवढ्या उंचीवर न्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

भडंग_आणि_चहा

एवढी कशाला डोकेफोड, आपल्याकडच्या टूरवाल्यांबरोबर जावा की. सकाळी नाश्त्याला पोहे, रात्री वरणभात, बॅग उचलायला माणूस, सासूबाईंना चार मैत्रिणी मिळतील. स्वतः प्लॅन करून गेलं की बायकांना तिकडं जाऊन पण स्वयंपाकच करावा लागतोय, मग सुट्टी कुणाची?

सांगलीकर_वहिनी

@भडंग, मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण स्वयंपाक हे करणार आहेत असं लेखी घेतलंय. आणि टूरमध्ये सकाळी सातला बसमध्ये बसायचं, पोरं झोपेत, सासूबाईंना दर दोन तासाला बाथरूम, ते नको वाटतं.

@कराडकर, बापरे. २५ ला गेलो असतो तर माझं काही खरं नव्हतं. शाळेत विचारून सांगते. दिवाळीच्या सुट्टीत जावं का मग? यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे.

इसारकाठचा_कराडकर

दिवाळीत मार्केट लागलेलं नसतं आणि नोव्हेंबर हा इथला सगळ्यात कंटाळवाणा महिना, झाडाला पानं नाहीत, डोंगरात पुरेसा बर्फ नाही, वरनं धुकं. शाळेला दांडी हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

यवतेश्वरचा_वारा

मी साताऱ्याचा. आई-वडिलांना घेऊन हिवाळ्यात म्युनिक केलंय, त्यामुळं सासूबाईंच्या बाजूनं बोलतो.

थंडीला घाबरू नका. आकडा बघून आपण घाबरतो, दिवसा तीन-चार अंश आणि रात्री शून्याच्या खाली, पण सांगली-साताऱ्याच्या घरात जानेवारीत पहाटे जी गार फरशी असते ती तिथं नाही, घरात, ट्रेनमध्ये, दुकानात सगळीकडं हीटिंग असतं, आत शिरलं की घाम फुटतो. म्हणून एकच जाडजूड स्वेटर नको, पापुद्रे पाहिजेत, कांद्यासारखे. आत थर्मल, वर फुल बाह्यांचं काहीतरी, मग फ्लीस आणि सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, आत गेलं की काढायचं, बाहेर पडताना घालायचं. आईनं साडी नेसायची म्हणून हट्ट धरला होता, मग खाली थर्मल पायजमा आणि वर लांब कोट, छान निभावलं. खरा खर्च बुटांवर करा. पाणी आत न जाणारे, घोट्यापर्यंतचे, तळव्याला पकड असलेले. तिथं दगडी फरसबंद रस्ते आहेत आणि त्यावर रात्री पाणी गोठलं की म्हातारं माणूस घसरतंच. बूट दोन महिने आधी घ्या आणि सासूबाईंना तेच घालून आमराईत फिरवा, लोक बघतील तर बघू देत. मंकी कॅप खुशाल न्या, कुणी हसत नाही.

दुसरं म्हणजे उजेड. डिसेंबरात सूर्य आठला उगवतो आणि सव्वाचारच्या सुमाराला मावळतो. सकाळी पोरं उठून आवरून बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात, म्हणजे हातात सहा तास. त्यामुळं दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा आणि अंधार पडला की मार्केट, कारण मार्केट बघायचंच अंधारात, दिव्यांमध्ये.

आता तो राजवाडा, नॉयश्वानस्टाईन. दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ ला बांधायला घेतला, १८८६ ला तो वारला तेव्हाही पुरा झाला नव्हता. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत ट्रेनला दोन तास, तिथनं बस, आणि खालच्या गावातून वर किल्ल्यापर्यंत अर्धा-पाऊण तासाची चढण. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत सोडत नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो, आणि बर्फ साठला असेल तर वर जाणारी बसही बंद असते. आत गेल्यावर दीडशेच्या वर पायऱ्या, मध्ये कुठं टेकायला जागा नाही, गाईडबरोबर अर्ध्या तासात सगळा फेरा उरकतात. सज्जनगड चढून दमत नसतील तर न्या. नाहीतर दोन गट करा, तुम्ही कुणीतरी एक जण सासूबाईंना घेऊन खालीच तलावाकाठी थांबा. खालून बर्फातला राजवाडा दिसतो तेच खरं सुंदर आहे, आतून बघणं मला तरी फार काही वाटलं नाही. तिकीट ऑनलाईन वेळेसकट काढायचं, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आणि २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे चार दिवस राजवाडा बंद असतो.

विमानतळावर सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्यांना चालता येत असलं तरी. लांबच लांब चालणं आणि इमिग्रेशनची रांग दोन्ही वाचतं, आणि सोबत म्हणून बऱ्याचदा बाकीच्यांनाही पुढं सोडतात.

सांगलीकर_वहिनी

किती मनापासून लिहिलंय, थँक्यू. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतायत सज्जनगड मी तुमच्या आधी चढीन. घोडागाडीचं ऐकून मात्र खूष आहेत.

व्हिसाचं कुणी सांगेल का? एका एजंटकडं गेलो होतो, तो म्हणाला धंदेवाल्यांना व्हिसा अवघड, माझ्याकडनं फाईल केली तर करून देतो, आणि जो आकडा सांगितला त्यात एक माणूस जर्मनीला जाऊन येईल.

फाईल_नंबर_एक

एजंटची गरज नाही. शेंगेन व्हिसाची फाईल म्हणजे शेवटी तीनच गोष्टी दाखवायच्या असतात, पैसे कुठनं आले, तिकडं काय करणार, आणि परत का येणार. धंदेवाल्याला उलट तिसरं दाखवणं सोपं, पेढी सोडून कोण राहतंय तिकडं.

सॅलरी स्लिपच्या जागी जीएसटी नोंदणी, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, मार्केट यार्डातलं लायसन्स, मागची आयटी रिटर्न्स, धंद्याचं आणि घरचं दोन्ही खात्यांचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासकट. खात्यात आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ते लगेच डोळ्यावर येतं, हळदीचा सीझनचा पैसा येतो तसा दिसला तरी चालतो, फक्त सोबतच्या पत्रात दोन ओळीत लिहा की आमचा धंदा हंगामी आहे. सासूबाईंचा खर्च मुलगा करतोय असं त्यांचं पत्र आणि नातं दाखवणारा कागद. पोरांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड आणि रजा मंजूर असल्याचं पत्र. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा, पाचही जणांचा, सासूबाईंचा हप्ता जास्त येईल, तिथं काटकसर नको. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे आणि दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि पंधरा दिवस आधी ही शेवटची हद्द, पण त्या हद्दीला जाऊ नका. पुण्याला व्हीएफएसचं, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं, सेंटर आहे, मुंबईला जायची गरज नाही. आणि एक पैसे वाचवायची गोष्ट. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना माफ. धाकटी ऑक्टोबरात सहाची होतेय ना? मग सप्टेंबरातच अर्ज टाका, तिची फी वाचेल. युरो शंभरीच्या पुढं गेलाय, ४५ म्हणजे काही थोडे नाहीत. व्हीएफएसचे सर्व्हिस चार्जेस वेगळे पडतात ते धरून ठेवा. बारा वर्षांखालच्या पोरांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, तुम्हा तिघांचे घेतील.

सांगलीकर_वहिनी

सप्टेंबरची आयडिया भारीच! ह्यांना सांगितलं तर म्हणाले हा माणूस मार्केट यार्डात पाहिजे होता.

गणपती_पेठ

खाण्याचं मी सांगते, आमचं घर जैन, त्यामुळं आम्हाला तर कांदा-बटाट्यापासून सगळं बघावं लागतं, तुमचं त्या मानानं सोपं आहे.

किचनवालं घरच घ्या, दुसरा विचार नको. इंडक्शनची शेगडी असते बऱ्याच ठिकाणी, आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, इंडक्शन बेसचा छोटा स्टीलचा न्या. आपला तीन पिनांचा जाड प्लग तिथं बसत नाही, अ‍ॅडॉप्टर सोबत ठेवा. तांदूळ, तूरडाळ, पोह्यांचं पाकीट, भाजणी, मेतकूट, मसाले, चटण्या, भडंग, तासगावचा बेदाणा, हे सगळं चालतं. दुधाचं काहीही चालत नाही. युरोपात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात खवा, पनीर, पेढे, साजूक तूप सगळं आलं. वरच्या सातारकरांनी कुणासाठी कंदी पेढे दिले तर प्रेमानं नाही म्हणा. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या पण नकोत, ताज्या पाल्याला आणि भाज्यांना सर्टिफिकेट लागतं. तूप तिकडं बटर आणून कढवलं की होतं, बटर तिकडचं इतकं चांगलं की सासूबाई नाव काढतील.

बाहेर खाताना सासूबाईंसाठी जरा डोळे उघडे ठेवायचे. तिथला माणूस व्हेजिटेरियन म्हणाला की त्यात अंडं धरलेलंच असतं. चीज घातलेले श्पेट्झलं म्हणून नूडल्ससारखं मिळतं, पोरांना आवडेल, पण त्यात अंडं असतं. बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर मार्केटात मिळतात, त्यातही बहुतेक अंडं. लेबकुखेन म्हणजे ते मसाल्याचे केक, त्यातही. जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन. ब्रेत्सेल म्हणजे तो गाठीचा पाव साधारण चालतो, पण कुठं कुठं डुकराची चरबी घालतात, श्माल्त्स असं लिहिलेलं असलं की घेऊ नका. सगळ्यात सोपं म्हणजे विगान लिहिलेलं बघून घ्यायचं, त्यात अंडं, जिलेटिन, चरबी सगळाच प्रश्न मिटतो, आणि आता जर्मनीत ते सुपरमार्केटमध्ये भरपूर मिळतं. मार्केटात भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले गरम बदाम बिनधास्त खा, आमच्या सासऱ्यांनी तर संध्याकाळचं जेवणच त्यावर केलं होतं.

इसारकाठचा_कराडकर

ताईंनी सगळं बरोबर सांगितलं. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएटंश्ट्रासं आणि लांडवेअरश्ट्रासंच्या बाजूला तुर्की-अरबी किराणा दुकानं आहेत, तिथं डाळी, कोथिंबीर, मिरच्या, भेंडी सगळं मिळतं. २४ ला सकाळी जाऊन चार दिवसांचं दूध, दही, भाजी, ब्रेड भरून टाका, विसरू नका.

आणि मार्केटात ग्ल्युवाईन म्हणजे गरम मसाल्याची वाईन असते, पोरांसाठी तसंच दिसणारं बिनदारूचं किंडरपुन्श मिळतं. कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत, आवडला तर ठेवून घ्या. सुट्टे युरो जवळ ठेवा, टपऱ्यांवर आणि सार्वजनिक बाथरूमला लागतात, सासूबाईंचं दर दोन तासांचं वाचलंय मी.

मिरज_जंक्शन

रेल्वेचा विषय निघाला आणि मला कुणी बोलावलं नाही?

वहिनी, ह्यांना सांगा की म्युनिकच्या डॉईचेस म्युझियमच्या मुख्य इमारतीत इंजिनं शोधत फिरू नका. नदीतल्या बेटावर आहे ती मुख्य इमारत, विमानं, पूल, यंत्रं वगैरे. अर्धा भाग दुरुस्तीसाठी बंद आहे, अर्धा २०२२ ला नव्यानं उघडलाय आणि तेवढाही एका दिवसात होत नाही. लहान पोरांसाठी वेगळा कक्ष आहे, धाकटीला तिथं सोडा. रेल्वेचं मात्र वेगळं म्युझियम आहे, फेअरकेअर्सझेंट्रुम, टेरेझियनवीझंजवळ, इंजिनं, डबे, जुन्या मोटारी, सगळं तिकडं.

आणि खरी पंढरी न्यूरेंबर्गला. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ ला न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ धावली, सहा किलोमीटर, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. इंजिनाचं नाव आडलर, ते इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्यातनं मागवलं होतं. तिथल्या डीबी म्युझियममध्ये, म्हणजे जर्मन रेल्वेच्या म्युझियममध्ये, त्याची प्रतिकृती आहे आणि शिवाय त्या राजवाडेवाल्या लुडविगचा शाही डबा, निळा-सोनेरी, माणसाला घराची हौस तशीच गाडीची पण. म्युझियम सोमवारी बंद असतं. म्हणून न्यूरेंबर्गला २२ ला मंगळवारी जा, दिवसा म्युझियम, अंधार पडल्यावर हाउप्टमार्क्टवरचं मार्केट, शेजारीच पोरांचं वेगळं मार्केट असतं, झोपाळे, चक्र, छोटी आगगाडी.

तिकिटाला बायर्न टिकेट घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत, बव्हेरियाभर, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं सगळीकडं, दिवसभर, लोकल, बस, ट्राम सगळं त्यात. फक्त आयसीई सारख्या फास्ट गाड्यांना चालत नाही आणि आठवड्याच्या दिवसात सकाळी ९ नंतरच चालू होतं. म्युनिक-न्यूरेंबर्ग रिजनल एक्सप्रेसनं पावणेदोन तास. शनिवार-रविवार आणि सुट्टीला ९ ची अट नाही, म्हणून राजवाड्याला २६ ला जा, शनिवार पण आणि सुट्टी पण, पहाटेच निघता येईल.

शहरात फिरायला ग्रुपचं दिवसाचं तिकीट मिळतं, पाच मोठ्यांपर्यंत, त्यात दोन पोरं मिळून एक मोठा धरतात. स्टेशनला गेट वगैरे काही नाही, सरळ आत जाता येतं, त्यामुळं आपल्याला वाटतं कोण बघतंय. साध्या कपड्यातले चेकर फिरतात आणि दंड ६० युरो. कागदी तिकिटावर शिक्का मारायचं मशीन फलाटावर जाताना असतं, तिकीट घेतलं पण शिक्का नाही तरी दंड, हे लक्षात ठेवा.

सांगलीहून मुंबईचं पण बोलतो. म्युनिकचं थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, म्हणजे तिकिटावर १९ तारीख असली तर तुम्हाला १८ च्या रात्रीच विमानतळावर पाहिजे, यात भलेभले फसतात. कोयना एक्सप्रेसनं त्याच दिवशी जायचा विचार करू नका, घाटात अडकली की विमान गेलं. आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस घ्या, दिवसभर कुणा नातेवाइकाकडं दादर-ठाण्याला आराम करा आणि रात्री निघा. पोरं पण झोपेला टेकतात मग.

भडंग_आणि_चहा

एवढं वाचून मलाच व्हिसा काढावा वाटायला लागलाय. एक शंका, २५ आणि २७ ला पोरं घरात बसून काय करणार? पाच माणसं, दोन खोल्या, बाहेर अंधार. आमच्यात तर भांडणं होतील.

इसारकाठचा_कराडकर

बंद म्हणजे अगदीच बंद नाही ओ. २५ ला हेलाब्रुन प्राणिसंग्रहालय उघडं असतं, वर्षाचे सगळे दिवस, हत्ती आणि ध्रुवीय अस्वल बघायला पोरांना मजा येते. इंग्लिशर गार्टनमध्ये फिरायचं, पोरांना धावायला भरपूर जागा. कार्ल्सप्लाट्सला बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान लावतात, ते जानेवारीपर्यंत असतं. २७ ला रविवार, पिनाकोथेक या सरकारी चित्रसंग्रहालयांचं तिकीट रविवारी एक युरो असतं, उबदार, बाकं भरपूर, सासूबाई आरामात बसतील. मारियेनप्लाट्सच्या टाऊन हॉलच्या घड्याळातल्या बाहुल्या सकाळी अकरा आणि बाराला नाचतात, ते फुकट. फक्त २४ च्या संध्याकाळी बाहेर जेवायचं असेल तर आधी टेबल बुक करा, नाहीतर घरी खिचडी.

आणि घर घेताना एवढंच बघा की लिफ्ट आहे ना. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्याला लिफ्ट नसते आणि फोटोत ते दिसत नाही, सासूबाईंचे गुडघे आणि पाच बॅगा. शहराच्या मधोमधच पाहिजे असं नाही, पासिंग किंवा ओस्टबानहोफच्या बाजूला एस-बानपासून, म्हणजे लोकलच्या स्टेशनपासून, चालत पाच मिनिटांवर मिळालं तरी चालतं, भाडं कमी पडतं. रात्री दहानंतर आणि रविवारी पोरांनी उड्या मारलेल्या खालच्यांना चालत नाहीत, तेवढं सांभाळा.

सांगलीकर_वहिनी

शाळेचं काम झालं! वर्गबाई म्हणाल्या युनिट टेस्ट १५ ला संपते, अर्ज द्या, परत आल्यावर वर्गात फोटो दाखवायचे एवढीच अट. तर १९ ते २८ पक्कं. २२ ला न्यूरेंबर्ग, २४ ला सकाळी किराणा, २५ ला प्राणिसंग्रहालय, २६ ला राजवाडा, सासूबाई घोडागाडीपर्यंत आणि पुढं त्यांची मर्जी. ह्यांचं रेल्वे म्युझियम २० किंवा २३ ला बसवते, एक दिवस गार्मिशसाठी मोकळा ठेवलाय.

ह्यांना म्हटलं सप्टेंबरात पुण्याला फाईल द्यायची, तर म्हणतायत गणपती झाल्यावर जाऊ. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतायत, अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे २८ नंतरची अपॉइंटमेंट. धाकटीचा वाढदिवस ९ ऑक्टोबर. @फाईल_नंबर_एक, एवढ्यात बसतंय का?

फाईल_नंबर_एक

बसतंय, पण अपॉइंटमेंट आत्ता बघायला लागा, गणपतीनंतर सगळं पुणं तेच करतं. आणि मिळाली तर गणपतीच्या आधीचीच घ्या, आरत्यांच्या गडबडीत बँकेचा शिक्का राहून जाईल.